चिमूटभर आयोडाइड

रास अल खैमा, नखील. रमजानचा महिना.
मशिदीबाहेर इफ्तार उरकला की
दस्तरखानावर बिया उरायच्या,
खजुराच्या, चोखून गुळगुळीत.
इर्शाद चौगुले त्या बादलीत गोळा करून
प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी ठेवायचा.
"घाणेकर बाई, उष्ट्या आहेत हो सगळ्या."
आठशे अंशांत उष्टं काय नि सोवळं काय.

बी धुवायची, वाळवायची, कुटायची,
पोटॅशच्या पाण्यात भिजवून भट्टीत घालायची.
वर नायट्रोजनची संथ धार, म्हणजे जळायची नाही,
नुसती आतून पोखरत जाईल.
सकाळी काजळासारखी भुकटी.
मोजलं तेव्हा
एका ग्रॅमच्या पोटात अठरा गुंठे जागा निघाली.
सातबाऱ्यावर माझ्या नावाचे तीन आहेत,
तेही भावाच्या संमतीने.

आता त्या जागेत कोणाला ठेवायचं, हा प्रश्न.
सल्फेट येतो तो पाण्याचं लटांबर घेऊन,
दाराशी अडतो, सोडत नाही एकालाही.
छिद्र अरुंद. आतली पुष्कळ जागा रिकामीच पडते.
वहीत लिहिलं: एकशे बेचाळीस.
बरा आकडा. चारचौघांत सांगण्यासारखा,
घरी कळवण्यासारखा नाही.

मग चिमूटभर आयोडाइड टाकलं.
विरजण लावतात तेवढंच,
बोटाच्या पेरावर मावेल इतकं.
आयोडाइड सैल बांध्याचं:
पाणी उंबऱ्यावर ठेवतं, एकटं आत शिरतं,
आणि आत जाऊन नुसतं बसून राहत नाही,
इलेक्ट्रॉन देतं, तीन-तीन मिळून राहतं,
परतीच्या वेळी पुन्हा घेतं.
पडद्यावरची चौकोनी रेघ
फुगली, तिला दोन वशिंडं आली.
दोनशे एकतीस.
मी एकटीच हसले. एसी घरघरत होता.

मला म्हणायचं होतं की आम्हीही असेच,
सात जणींच्या खोलीत, पडद्यापलीकडे पलंग,
सोबतचं सगळं विमानतळावर उतरवून शिरलेल्या.
पण डॉक्टर हुदा अल शेही यांना उपमा चालत नाहीत.
"आयन कोणासारखा नसतो. तो मोज."
बरोबर आहे. आयनाला पगार पाठवायचा नसतो.

त्यांनीच सांगितलं, चार्ज करून रात्रभर सोडून दे.
तोडलेल्या तारा, कोणीही हात लावायचा नाही.
सोडून दिलं.
पहाटे पाहिलं तर निम्मं गळालेलं.
आत तीन-तीन मिळून राहिलेलं ते
छिद्रातून हळूच बाहेर पडून
समोरच्या इलेक्ट्रोडकडे चालत गेलं होतं,
वाटेत सगळं सांडत.
द्रव फिकट तपकिरी. लहानपणी गुडघ्याला लावायचे तो रंग.
बाहेर रात्रीही अडतीस अंश, आणि उष्म्यात
कोणाचा पाय घरात ठरतो?

वही उघडली. दोनशे एकतीस खोडलं नाही.
खाली लिहिलं: सकाळपर्यंत टिकत नाही.
पुन्हा खाली: चिमूट अर्धी करून पाहावी. पडदा बदलावा.
मग पेन तसंच धरून बसले.

इतक्यात सहेरीचा डबा घेऊन इर्शाद आला,
भात, मासळीचं कालवण, दोन खजूर.
"खा बाई, तुमचा रोजा नसला म्हणून काय झालं."
हात मी धुतला होता. दोनदा.
पण पहिल्याच घासाला
माझ्या तर्जनीशी चिकटलेलं भाताचं शीत
निळं-काळं पडलं.
आम्ही दोघं त्या शिताकडे पाहत राहिलो.
अजान व्हायला चार मिनिटं होती.
इर्शादने डबा स्वतःकडे ओढला.
"आता तिसऱ्यांदा धुवा," म्हणाला,
"आणि खजूर खाल्लात तर बी फेकू नका."